बिल इव्हान्सचा तो रविवार: दोन अल्बम घ्यावेत की संपूर्ण संच?

जॅझ ऐकणारे चार जण भेटले आणि सध्या काय ऐकताय असा विषय निघाला, की कुणाच्या तरी यादीत पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीचं व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं ध्वनिमुद्रण असतंच. २५ जून १९६१, न्यूयॉर्कमधला तळघरातला छोटा क्लब, दुपारी दोन सेट (म्हणजे वाजवण्याच्या फेऱ्या), संध्याकाळी तीन. हे सगळं जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक असतं. अडतं ते पुढे. त्या एका दिवसातून रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीने आधी ‘संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ काढला, मग १९६२ मध्ये ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. २००५ मध्ये पाचही सेट क्रमाने असलेला तीन डिस्कचा संच आला. पैसे कशावर घालावेत, हा प्रश्न मला अलीकडे दोघातिघांनी विचारला. माझ्याकडे तिन्ही आहेत, तिन्ही भरपूर ऐकून झाले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन्ही अल्बमांबद्दल. त्यांचा स्वभाव वेगळा आहे आणि त्याला कारण आहे. त्या रविवारनंतर दोन आठवडेही उलटले नव्हते तोच, ६ जुलैला, बासवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. इव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने वाजवणं जवळपास थांबवलं. ‘संडे’ची निवड या धक्क्याच्या सावलीत झाली. मुखपृष्ठावर लाफारोचं नाव आहे, सुरुवात त्याच्या ‘ग्लोरियाज स्टेप’ने होते, शेवट त्याच्याच ‘जेड व्हिजन्स’ने, आणि मधल्या रचनाही बास ठळक ऐकू येईल अशा निवडलेल्या. ज्याला बास या वाद्याकडे कान लावायला शिकायचंय, त्याने इथूनच सुरुवात करावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं. लाफारो नुसता ठेका धरत नाही. इव्हान्सचं वाक्य अर्धं असतानाच तो उत्तर द्यायला लागतो, आणि पॉल मोशन ड्रम्सवर त्या दोघांना जागा करून देत राहतो.

‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ मवाळ आहे. ‘माय फूलिश हार्ट’ने सुरू होणारा अल्बम कुणाला आवडला नाही असं माझ्या तरी पाहण्यात नाही. पियानोचा एकेक सूर इतक्या सावकाश पडतो की आपण खोलीत काय करत होतो ते विसरतो. ‘सम अदर टाइम’ही तसंच. घरात जॅझ न ऐकणारं कुणी असेल आणि त्यांनाही सोबत बसवायचं असेल, तर हाच लावावा. माझ्या घरी हाच चालतो.

इथवर दोन्ही अल्बमांचं पारडं जड आहे. मूळ एलपीवर सहा-सहाच रचना होत्या. उत्तम निवडलेल्या, एका बैठकीत ऐकून होणाऱ्या. तशी एलपी कुणाला बऱ्या अवस्थेत मिळाली तर माझं पुढचं म्हणणं त्याला लागू नाही.

पण बहुतेकांच्या हाती येतात त्या सीडी, किंवा त्याच क्रमाने फोनवर चढवलेल्या फाइली. माझ्याकडच्या दोन्ही जुन्या सीडींत जादा टेक, म्हणजे त्याच रचना त्या दिवशी पुन्हा वाजवल्या तेव्हाची ध्वनिमुद्रणं, भरले आहेत, आणि ते शेवटी वेगळे न ठेवता मूळ टेकला चिकटून लावले आहेत. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’चा दुसरा टेक संपतो, टाळ्या पडतात, आणि लगेच पहिला टेक! पुन्हा तीच सुरुवात, पुन्हा तेच वळण. मग ‘डिटूर अहेड’ दोनदा, ‘माय रोमान्स’ दोनदा. ‘संडे’मध्येही ‘ग्लोरियाज स्टेप’, ‘अॅलिस इन वंडरलँड’, ‘ऑल ऑफ यू’, ‘जेड व्हिजन्स’ सगळी जोडीजोडीने. समेवर येऊन मन निवांत झालेलं असतं आणि कुणीतरी तीच चीज पहिल्यापासून सुरू करतं, असं होतं ते.

ही तक्रार काहींना क्षुल्लक वाटेल. पुढचं गाणं लावायला बटण आहेच, आणि सहाच रचनांची यादी करून ठेवणारेही आहेत. मीही ते करून पाहिलं. पण रात्री जेवणं आटोपल्यावर दिवा मंद करून बसलं, की दर काही मिनिटांनी उठून बटण दाबण्यात ऐकणंच मोडतं. शिवाय लागोपाठ ऐकल्यावर कान आपोआप तुलना करायला लागतो. कुठला टेक सरस, लाफारोने इथे काय बदललं, यांचंच गणित मांडलं जातं. अभ्यास म्हणून ते ठीक आहे. रमायचं असेल तर नाही.

संचात हेच टेक आहेत, पण आपापल्या वेळी येतात. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ संध्याकाळच्या दुसऱ्या सेटमध्ये एकदा आणि तिसऱ्यात पुन्हा. मध्ये ‘पॉर्गी’, ‘माइलस्टोन्स’ आणि आणखी बरंच काही होऊन गेलेलं असतं. त्यामुळे ती रचना परत भेटल्याचा आनंद होतो. ‘ऑल ऑफ यू’ दुपारी एकदा आणि संध्याकाळी दोनदा आहे. मला शेवटचा सर्वांत मोकळा वाटतो, आणि तो मोकळेपणा दिवसभराच्या वाजवण्यातून आला आहे हे संच ऐकतानाच जाणवलं. ‘जेड व्हिजन्स’ मात्र संचातही लागोपाठ दोनदा येतं, कारण त्यांनी रात्री अखेरीस ते खरंच सलग दोनदा वाजवलं. तिथे मला ते अजिबात खटकत नाही.

संचात उणिवा आहेत, नाही असं नाही. पहिलाच ‘ग्लोरियाज स्टेप’ वीज गेल्यामुळे मध्ये तुटतो. मला तो तसाच ठेवला हे आवडतं, पण नव्या माणसाला सुरुवातीलाच तो अडखळा नको वाटेल. मधल्या घोषणा, पुढे काय वाजवायचं याची वादकांची कुजबुज, ग्लासांची किणकिण, श्रोत्यांच्या गप्पा हे सगळं इथे अधिक आहे. दोन अल्बमांतही ग्लास वाजतातच म्हणा. एका बैठकीत पूर्ण ऐकणं नोकरदार माणसाला जमणं कठीण. आणि निर्माता ऑरिन कीपन्यूजने अल्बमांसाठी केलेली निवड इतकी जाणती होती, की ‘माय फूलिश हार्ट’ने उघडणारा अल्बम संचात सापडत नाही याची थोडी चुटपुट लागतेच. संचात ती रचना दुपारच्या पहिल्या सेटमध्ये ‘अॅलिस’नंतर येते.

तरीही आज एकच काही घ्यायचं असेल तर मी संच घेईन. दोन अल्बम वेगवेगळे घेऊन पुन्हा संचाकडे वळण्यापेक्षा ते स्वस्तही पडतं, असा माझा तरी अनुभव. जॅझ नुकतंच ऐकायला लागलेल्याने आधी ‘वॉल्ट्झ’ कुणाकडून तरी उसना आणून ऐकावा, सहा रचनांपुरता, आणि मन बसलं तर थेट संच घ्यावा. अल्बमच हवेत असा कुणाचा आग्रह असेल तर विकत घेण्यापूर्वी मागच्या बाजूची यादी वाचून पाहा. एकाच रचनेचं नाव पाठोपाठ दोनदा छापलेलं दिसलं तर दुसरी आवृत्ती शोधा. संच आणलात तर पहिल्या डिस्कपासूनच सुरुवात करायला हवी असं नाही. संध्याकाळचा दुसरा सेट लावा. ‘पॉर्गी’ त्यातच आहे.