जुन्या सागवानाचा डेक: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

बोरिवलीत एक्सर गावठाणात आमचं बैठं घर आहे आणि मागच्या परसात दहा बाय चौदा फुटांचा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा. गेल्या एप्रिल-मेमध्ये तो आम्ही घरच्यांनी मिळून, एका सुताराला आणि एका फॅब्रिकेटरला (लोखंडी काम करणाऱ्याला) हाताशी घेऊन, नव्याने बांधला. त्यावरून अख्खा पावसाळा गेला, ऑक्टोबरचं ऊन गेलं, आता थंडीही सरत आली. जे बिघडायचं ते बिघडायला एवढा वेळ पुरेसा आहे, म्हणून आता लिहितेय.

निकाल आधीच सांगते: डेक मजबूत आहे, रोज वापरात आहे, आणि पैसे वसूल झाले असं घरातला प्रत्येक जण म्हणतो. 60,000 रुपये बाजूला काढले होते, 55,000 च्या आसपास काम झालं. तयार कंपोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या) डेकचं कोटेशन सव्वा लाखाच्या पुढे गेलं होतं. माझं स्पष्ट मत असं की वरच्या फळ्यांवर काटकसर चालते, खालच्या सांगाड्यावर आणि स्क्रूंवर चालत नाही.

आधीचा डेक पाइनचा होता. लाकडी वासे सरळ मातीवर टेकवलेले, फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकलेल्या. पाणी उतरायला वाट नाही, वारा लागायला जागा नाही. वाळवी खालून शिरली. फळी वरून शाबूत दिसायची आणि पाय दिला की खचायची. मुंबईत चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेवढं पाणी झेलून पुन्हा कोरडं होता येईल अशीच रचना इथे टिकते.

म्हणून या वेळी जमिनीला किंचित उतार देऊन घेतला (शंभर फुटांना एक फूट या हिशेबाने), त्यावर सिमेंटचे ठोकळे आणि ठोकळ्यांवर जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाच्या) चौकोनी पाइपचा सांगाडा. पाइप सोळा-सोळा इंचांवर, त्यामुळे इंचभर जाडीची फळी चालताना दबत नाही. एक गोष्ट फॅब्रिकेटरकडून उभं राहून करून घ्या: वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. प्रत्येक सांधा घासून त्यावर झिंकचा रंग मारायला लावा. आमचे सांधे पावसाळ्यानंतर खाली वाकून टॉर्चने पाहिले; सगळे स्वच्छ आहेत.

स्क्रूंचं खातं बाबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे होतं. ते गोदीत फिटर होते, खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. सामान नागदेवी स्ट्रीटवरून आणलं. तिथे ‘एसएस स्क्रू’ (स्टेनलेस स्टीलचे) म्हटलं की समोर तीन जातींचा माल येतो. 410 ग्रेडचा कडक असतो, पाइपला स्वतःच भोक पाडतो, म्हणून कारागिरांना आवडतो. पण उघड्यावर तो 304 पेक्षा कितीतरी लवकर गंजतो. त्याला चुंबक घट्ट चिकटतो, 304 ला फार तर किंचित. मात्र 202 नावाचा स्वस्त मालही चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे नुसत्या चुंबकावर विसंबू नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या. आम्ही 304 घेतला आणि पाइपला आधी ड्रिलने भोकं पाडून मग स्क्रू पिळले. वेळ जास्त गेला, पण आजवर एकही स्क्रू ढिला झालेला नाही. काही डोक्यांवर चहाच्या डागासारखी तांबूस छटा आली, ती घासल्यावर निघाली. समुद्र अगदी समोर असेल तर 316 घ्या, खारेपणाला तो जास्त पुरून उरतो.

फळ्या मात्र जुन्या. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजारात पाडलेल्या इमारतींचं सागवान मिळतं. दारं, चौकटी, तुळया. घासाघीस करून आम्हाला घनफुटाला 1,800 रुपयांच्या आसपास पडलं. हे लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे नव्या ओल्या लाकडासारखं पिळवटत नाही, आणि सागवानात मुळातच तेल असल्याने वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. निवडताना कडा पाहा: नखाने टोकरल्यावर भुसा पडला तर ती फळी सोडा. आत मोडलेले खिळे असतात. ते चुंबक फिरवून शोधा, नाहीतर सुताराच्या रंध्याचं पातं जातं. आणि रंगवलेलं लाकूड शक्यतो घेऊच नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. जुन्या चौकटींवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. असा रंग कोरडा घासला तर शिसं धुळीतून घरात येतं, आणि लहान मुलांसाठी ते फार घातक आहे. आम्ही बिनरंगाच्या तुळया चिरून घेतल्या.

पोरांना फटींचं काम दिलं. दोन फळ्यांमध्ये पाच मिलिमीटर हवेत, म्हणून लाद्यांचे स्पेसर घालत ती पुढे सरकायची आणि मागून आम्ही स्क्रू. त्या फटी अजून सारख्या आहेत, आणि धो धो पावसातही पाणी वर साचलं नाही.

फळ्यांची टोकं बसवण्याआधी बंद करायलाच हवीत, कारण लाकूड टोकांतून सगळ्यात जास्त पाणी पितं. आईंच्या (सासूबाईंच्या) माहेरी देवगडकडे होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात. टोकांना आणि खालच्या अंगाला आम्ही तेच लावलं. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नका, कातडीवर फोड येतात. वरच्या बाजूला बेलतेलाचे (उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) दोन हात. वॉर्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा थर) मुद्दामच टाळलं: लाकूड फुगतं-आकसतं, वरचा पापुद्रा तडकतो आणि पाणी त्याखाली अडकून बसतं. बेलतेलाने भिजलेले बोळे मात्र गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. बोळे उघडे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता तक्रारी. बेलतेलावर बुरशी धरते. आंब्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात ऑगस्टमध्ये काळे ठिपके आणि शेवाळ आलं, पाय सटकायचा. धुण्याचा सोडा टाकून नायलॉनच्या ब्रशने आठवड्याला घासावं लागलं. उन्हातल्या फळ्यांचा सोनेरी रंग जाऊन राखाडी झाला. मला तो आवडतो, नवऱ्याला नाही. दोन फळ्या कडेने किंचित उचलल्यात. पायरीला नमुना म्हणून कंपोझिटची फळी लावली होती, ती मेच्या दुपारी अनवाणी पायाला सोसत नाही. बाजूचं सागवान सोसतं.

एक सोय केली ती कुणीही करावी: मधल्या तीन फळ्या वेगळ्या चौकटीवर बसवल्या, चार स्क्रू काढले की झाकण उघडतं. खाली पालापाचोळा साचतो, घुशी येऊ पाहतात, आणि एखाद्या करवंटीत पाणी राहिलं तरी डेंग्यूच्या डासाला पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पावसाळ्यात दर रविवारी झाकण उघडून खाली पाहतो. ते काम आईंनी स्वतःकडे घेतलंय आणि त्या एकही रविवार सोडत नाहीत.

दिवे आणि कुंड्या जुन्याच लावल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सकाळी बाबांचा पेपर, दुपारी मिरच्या आणि कुरडया, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, सगळं आता मागेच होतं. येत्या मेमध्ये आंब्याखालच्या कोपऱ्यात बेलतेलाऐवजी बुरशीरोधक असलेलं डेक ऑइल लावून बघणार आहोत, बाकी भागाला पुन्हा बेलतेलाचाच एक हात. दोन्हींत फरक काय पडतो ते पुढच्या दिवाळीच्या सुमाराला इथेच लिहीन.