कागदाची कार्डं, अँकी की परत परत वाचन: घरी बसून अभ्यास करणाऱ्यांनी काय निवडावं

तलाठी भरती, कंबाईन (एमपीएससीची गट ब-क ची संयुक्त परीक्षा), रेल्वे नाहीतर नोकरी सांभाळून द्यायची एखादी विभागीय परीक्षा. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोठा क्लास म्हटला की पुणं नाहीतर कोल्हापूर, आणि तिथलं खोलीभाडं नि मेसचं गणित जमत नाही म्हणून बरेच जण घरीच पुस्तकं घेऊन बसतात. बसावं की. अडतं ते पुढे, जानेवारीत वाचलेलं जूनमध्ये आठवत नाही तिथे. त्यावर तीन उपाय कानावर येतात: तेच पुस्तक पुन्हा वाचा, कागदाची कार्डं करा, किंवा मोबाइलवर अँकी घ्या, म्हणजे अशाच प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं अॅप.

वाचनाचं आधी उरकून टाकू. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला, एका गटानं उतारा चार फेऱ्यांत नुसता वाचला, दुसऱ्यानं एका फेरीत वाचून पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. पण आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणारे ४० वर आले आणि आठवून लिहिणारे ६१ वर. म्हणजे पुस्तक मिटताना जे ‘येतंय की सगळं’ वाटतं ना, ते त्या संध्याकाळपुरतं असतं. २०१३ मध्ये डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात पुनर्वाचन आणि हायलाइट करणं दोन्ही तळाच्या गटात, आणि स्वतःची परीक्षा घेणं नि अंतर ठेवून उजळणी करणं हे दोनच वरच्या गटात. (हायलाइटरचा खप मात्र आहे तसाच आहे.) समजून घ्यायला पहिलं वाचन लागतंच, पण उजळणी म्हणून पुस्तक उघडणं सोडा. खरी निवड उरते ती कार्ड आणि अँकीत.

कार्डांची पद्धत साधी आहे, १९७० च्या दशकात लाइटनर नावाच्या पत्रकारानं ती लोकांपुढे आणली. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर, आणि पाच कप्पे. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठेही असो, परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यानं, पुढचे त्याहून उशिरा. खर्च जवळजवळ शून्य, घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापला तरी चालतो. लाईट गेली, मोबाइल बंद पडला, काही अडत नाही. अडतं ते पावसात. जुलै-ऑगस्टात कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतो, जेल पेनची शाई पसरते, म्हणून बॉलपेननं लिहा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दुसरी अडचण म्हणजे कार्डं वाढली की कुठला कप्पा कधी बघायचा याचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो आणि तिथेच लोक कंटाळतात.

अँकी हा हिशेब स्वतः करतं. तुम्ही ‘चुकलं’, ‘अवघड’, ‘बरं’, ‘सोपं’ यातलं बटण दाबता, ते कार्ड पुढे कधी दाखवायचं ते ठरवतं. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट आहे, आयफोनवरचं अधिकृत अॅप विकत घ्यावं लागतं, आणि मिळत्याजुळत्या नावाची दुसरी अॅप्स बरीच आहेत तेव्हा बघून घ्या. उजळणीला नेट लागत नाही, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं, कारण घाटात आणि कित्येक वाड्यांवर रेंजचा भरवसा नसतो. एसटीत बसल्या बसल्या निम्मं काम होतं. पण अँकी थकबाकी ठेवतं. सेटिंग न बदलता रोज २० नवीन कार्डं घेत राहिलात की थोड्या आठवड्यांत रोजची उजळणी शे-दोनशेच्या घरात जाते, मग गणपतीला चाकरमानी आले, घर भरलं, पाच दिवस अॅप उघडलं नाही, की सहाव्या दिवशीचा आकडा बघूनच माणूस ते मिटवून टाकतो. तेव्हा नवीन कार्डं सात-आठवर आणा, आणि आंब्याचा सीझन नाहीतर सणाच्या आधी आठवडाभर ती शून्यावर ठेवा. आणि ज्याला मोबाइल हातात आला की रील्स सुटत नाहीत त्यानं सरळ कागदाकडे जावं, तिथे वाद नको.

यातलं काहीही घ्या, कार्ड कसं लिहिलंय यावर सगळं आहे. ‘सिंधुदुर्ग जिल्ह्याची माहिती’ हे कार्डच नाही, त्याचं उत्तर बरोबर की चूक ते ठरणार कसं? ‘सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा कधी झाला’ मागे ‘१ मे १९८१’, हे चालेल. दुसऱ्याच्या तयार डेकपेक्षा (कार्डांच्या संचापेक्षा) स्वतः लिहिलेली कार्डं बरी, कारण प्रश्न काढतानाच निम्मं डोक्यात जातं.

काही गोष्टी मात्र कार्डावर बसतच नाहीत. खाड्याच घ्या, कुठली नदी कुठे समुद्राला मिळते ते. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, काजळी भाट्याला, मुचकुंदी पूर्णगडला. याची सुटी कार्डं केली की जयगड आणि पूर्णगड एकमेकांत जातात, सुटी उत्तरं येतात पण क्रम येत नाही. त्यापेक्षा कोऱ्या कागदावर किनाऱ्याची एक रेघ ओढायची, उत्तरेकडून दक्षिणेकडे नद्या न बघता भरायच्या, मग पुस्तक उघडून लाल पेननं दुरुस्त करायचं. तीन-चार दिवसांनी पुन्हा नवा कागद. राज्यसेवा मुख्यचंही तेच, ती आता वर्णनात्मक झालीय, तिथे कार्ड तारखा-कलमांपुरतं, बाकी उत्तरं लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

परीक्षा सहा महिने-वर्षावर असेल, रोजचा प्रवास असेल आणि मोबाइल ताब्यात असेल तर अँकी. विषय एक-दोनच असतील, घरातच बसायचं असेल, किंवा दहावी-बारावीचं पोर सोबत अभ्यासाला असेल तर कागद, कारण एकानं कार्ड धरायचं नि दुसऱ्यानं उत्तर द्यायचं ही मजा अॅपमध्ये नाही. आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल तर दोन्हीच्या नादी लागू नका, कार्डं लिहिण्यातच वेळ जाईल. एमपीएससीची परीक्षा असेल तर आयोगाच्या वेबसाइटवर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत, त्या गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या आणि घड्याळ लावून सोडवा.