‘ऑफिसचा आहे मॅडम, फार वापरलेला नाही’

तो लॅपटॉप पहिल्याच भेटीत टेबलावर डुगडुगला होता. मी पाहिलं, विकणाऱ्यानेही पाहिलं. "टेबलच वाकडंय मॅडम," म्हणत त्याने खिशातल्या एका कागदाची घडी केली, लॅपटॉपखाली सारली, आणि डुगडुगणं थांबलं. मला त्याच्या समयसूचकतेचं कौतुकही वाटलं.

मी भाषांतराची कामं करते. दिवसाचे आठ-नऊ तास कीबोर्डवर, मध्ये दोन-तीन व्हिडिओ कॉल, आणि संध्याकाळी त्याच मशीनवर घरचे फोटो, बँकेची कामं, मुलीचा अभ्यास. जुना लॅपटॉप ऐन कामाच्या गर्दीत बंद पडला आणि नवा घेण्याइतके पैसे त्या वेळी हाताशी नव्हते. जाहिरात दिसली: नामांकित कंपनीचं बिझनेस मॉडेल, आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी डिस्क, रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकायला काढलेला. बिझनेस मॉडेलं दणकट असतात, कीबोर्ड चांगला असतो, रॅम बदलता येते, हे मला माहीत होतं. अर्धवट माहिती असली की माणूस जास्त फसतो, तशातली गत.

भेटायला गेले तेव्हा लॅपटॉप आधीच सुरू करून ठेवलेला होता, चार्जर लावलेला. "ऑफिसचा आहे मॅडम, फार वापरलेला नाही." मी सेटिंग उघडून पाहिलं: आय-७ होता, रॅम १६ होती, डिस्क ५१२ होती. त्याने सांगितलेला एकही आकडा खोटा निघाला नाही. बिल मागितलं तर म्हणाला, "कंपन्यांचा अख्खा लॉट निघतो, एकेका पीसचं बिल कुठून आणणार? काही झालं तर मी आहेच की." मी रोख पैसे दिले आणि निघाले.

पहिली कुरकुर व्हिडिओ कॉलवर सुरू झाली. कॉल चालू असताना शब्दकोशाच्या चार खिडक्या उघडल्या की पंखा घोंघावायचा आणि माझा आवाज तुटायचा. आय-७ असून असं कसं? तेव्हा कुठे मी आय-७ च्या पुढचा आकडा वाचला. ७६००यू. म्हणजे सातवी पिढी, २०१७ सालची, आणि कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, फक्त दोन. त्याच वर्षी आलेल्या आठव्या पिढीच्या आय-५ ८२५०यू मध्ये चार कोअर आहेत! म्हणजे ज्या आय-५ कडे मी नाक मुरडलं असतं, तो कॉल आणि चार खिडक्या माझ्या आय-७ पेक्षा सहज पेलला असता. इंटेलच्या त्या काळच्या नावांत पिढी त्या आकड्याच्या सुरुवातीला असते: ७६०० मधला ७, ८२५० मधला ८, ११६५ मधले ११. शेवटचा ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारी चिप. नुसत्या ‘आय-७’ वरून वेगाबद्दल काहीच कळत नाही, आणि जाहिरातीत नेमकं तेवढंच लिहिलेलं असतं.

सातव्या पिढीचं आणखी एक लचांड. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत, एखाददुसरा अपवाद सोडला तर, इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत. माझ्या मशीनवर विंडोज ११ होतं, पण तपासणी चुकवून बसवलेलं. चालत होतं, वर्षाला येणारं मोठं अपडेट मात्र आलंच नाही. विंडोज १० वर परत जावं, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला. बँकेची कामं जिथे करायची ते मशीन असं अधांतरी ठेवणं मला पटेना.

दरम्यान टचपॅड बिघडला. डावीकडे दाबलं की क्लिक व्हायचं, उजवीकडे दगड. मी दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने लॅपटॉप उघडायच्या आधी टेबलावर ठेवून एका बोटाने कोपरा दाबला, पुन्हा डुगडुग झाली, आणि तो म्हणाला, "ताई, बॅटरी फुगलीय." खालचं झाकण काढलं तर खरंच, सपाट असायला हवी ती बॅटरी उशीसारखी फुगून एका बाजूने टचपॅडला आणि दुसऱ्या बाजूने झाकणाला रेटत होती. "हा चार्जिंगला लावून तुम्ही झोपत नव्हता ना?" मी रोज तेच करत होते. फुगलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते.

त्यानेच मला दोन गोष्टी दाखवल्या, ज्या विकत घेताना पाच मिनिटांत बघता आल्या असत्या. बॅटरी काढायच्या आधी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी, उघडून त्याने ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टाइप केलं. एक अहवाल तयार झाला. त्यात बॅटरीची मूळ क्षमता ५७,००० मिलिवॅट-अवर आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची २१,०००. भेटीच्या वेळी चार्जर का लावून ठेवला होता, ते कळलं. दुसरं, ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर. एसएसडी एकूण किती तास चालू होती ते त्यात दिसतं. १४,००० तासांच्या वर! दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर सात वर्षांची नोकरी झाली ही. ‘फार वापरलेला नाही’ म्हणे.

बॅटरी नवी टाकली. आता सगळं पुसून स्वच्छ विंडोज बसवावं म्हणून मी कामाच्या फायली आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घेतले आणि रिसेट केलं. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, भाषा विचारली, वायफाय विचारलं, मी पासवर्ड टाकला. थोडा वेळ गोल फिरत राहिलं, आणि पडद्यावर एका अनोळखी कंपनीचं नाव आलं. तुमच्या ऑफिसच्या खात्याने साइन इन करा, म्हणे. मागे जायला बटण नाही. पुन्हा रिसेट केलं, पुन्हा तेच.

याला विंडोज ऑटोपायलट म्हणतात. कंपनी आपल्या लॅपटॉपची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदवून ठेवते. डिस्क पुसा, बदला, नव्या सेटअपला इंटरनेट मिळालं की मशीन आपल्या जुन्या मालकाचं नाव घेतं. इंटरनेट न लावता सेटअप केला तर मात्र यातलं काही दिसत नाही, आणि विकणाऱ्याने तेच केलं होतं. सेटिंगमध्ये ऑफिसचं खातं जोडलेलं नव्हतं म्हणून मी निश्चिंत होते; तिथे काही नसणं हा पुरावा नाही. जुना लॅपटॉप घेणाऱ्याने पैसे देण्याआधी समोर बसून पूर्ण रिसेट करायला लावावं आणि आपल्या मोबाइलच्या नेटवर सेटअप शेवटपर्यंत न्यावा. तास-दीड तास जातो, जाऊ द्यावा. ‘घरी जाऊन निवांत करा’ असं कोणी म्हणालं तर उठावं. बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीची मशीनची मूळ सेटिंग, उघडतो का, तिथे पासवर्ड तर नाही ना, तेही तेव्हाच बघावं. ॲपलच्या वापरलेल्या मशीनला ॲक्टिव्हेशन लॉकचा, म्हणजे आधीच्या मालकाच्या खात्याशी बांधलेल्या कुलपाचा, असाच प्रकार असतो.

विकणाऱ्याचा फोन बंद. जाहिरात गायब. शेवटी पडद्यावर ज्या कंपनीचं नाव होतं तिलाच फोन केला. मला वाटत होतं, भंगारात काढलेला असेल, नोंद काढायची राहिली असेल, असं होतंही. आयटी विभागातल्या बाईंनी सिरियल नंबर विचारला, थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आला, मग त्यांचा सूर बदलला. "हा तुमच्याकडे कसा आला?" त्यांच्या यादीत तो विकलेला नव्हता, भंगारातही नव्हता. नोकरी सोडून गेलेल्या कोणीतरी परत न केलेला, असा होता.

म्हणजे मी नव्या बॅटरीसकट दुसऱ्याचा माल वापरत होते. भांडायला जागाच नव्हती. माझ्याकडे दाखवायला बिल नाही, पावती नाही, एक बंद मोबाइल नंबर तेवढा. त्या बाई शेवटपर्यंत माझ्याशी नीट बोलल्या, पण बोलता बोलता विकणाऱ्याचं वर्णन आणि नंबर त्यांनी लिहून घेतला, तेव्हा माझे कान तापले.

दोन दिवसांनी लॅपटॉप नेऊन दिला. त्यांनी सिरियल नंबर ताडून पाहिला, रजिस्टरमध्ये सही घेतली आणि शिक्का मारून पोच दिली: लॅपटॉप एक, चार्जर एक, चार्जर वेगळ्या कंपनीचा. या लॅपटॉपबद्दल माझ्या हातात आलेला हा पहिला कागद.