संच बरा, पण रिकाम्या कुप्या कुठायत?

पेटीच्या झाकणावर ‘किड्यांवरून विष ओळखा’ असं ठळक छापलंय. तेवढ्यावर आमच्या विभागप्रमुख मॅडमनी साडेअठराशे मंजूर केले. आधीच सांगते, या पेटीत विष ओळखणारं काही नाही. ते काम फॉरेन्सिक लॅबमधल्या यंत्रांचं. आपल्याकडे उरतं मृतदेहावरच्या माश्यांच्या अळ्या (मेलेल्याच्या अंगातलं विष खाताना त्यांच्यात उतरतं) नीट गोळा करून पाठवणं, आणि नेमका तिथंच या संचाचा घोळ आहे.

चिमटा मात्र झकास. टोकं मऊ, अळी फुटत नाही. कॉलेजच्या गच्चीवर पत्र्याच्या डब्यात कोंबडीची काळीज-कलेजी ठेवली होती. त्यावरच्या मोठ्या अळीचं मागचं टोक भिंगाखाली धरलं, तर श्वासरंध्रातल्या तीन फटी दिसल्या, म्हणजे अळीच्या वाढीची तिसरी अवस्था. भिंगासाठी पोरांची भांडणं झाली. लहान अळ्यांना मायक्रोस्कोपच लागतो.

थर्मामीटर दिलाय तो चक्क ताप मोजायचा! पस्तिसाच्या खाली आकडेच नाहीत. साताऱ्याच्या जुलैत तो कुणाच्या काखेत लावायचा? अळीची वाढ हवेच्या तापमानावर चालते, हे संच काढणाऱ्याला माहीत नसावं.

आता कुप्या. सगळ्या स्पिरिटने भरलेल्या. माशीची जात ओळखायला ठीक, पण विषतपासणीसाठीच्या अळ्या स्पिरिटशिवाय, रिकाम्या कुपीत गोठवायच्या असतात. त्याही खात असलेल्या घ्यायच्या. खाणं सोडून कोशाकडे निघाली की अळी औषध बाहेर टाकत जाते.

सोबतची पुस्तिका वाचनीय. १९८० साली अमेरिकेत एका तरुणीचा जवळजवळ सांगाडाच उरला होता. फेनोबार्बिटल हे झोपेचं औषध सापडलं ते अळ्यांमध्ये. पोरांना जास्त भिडली हवाई बेटांवरची मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची केस, कारण तो डबा आमच्याकडे घरोघरी गोठ्यात असतो. कोकेनमुळे अळ्या भराभर वाढतात आणि त्यांच्या वाढीवरून काढलेली मृत्यूची वेळ चुकते, हेही नीट समजावलंय. पण अळीतल्या प्रमाणावरून माणसानं किती घेतलं ते कळतं, हे वाक्य खोडा. विष होतं एवढं कळतं, किती ते नाही.

तीन स्टार, त्यातले दोन चिमट्याचे. रिकाम्या कुप्या पाठवतो म्हणाले होते. अजून तरी कुरिअरवाला फिरकलेला नाही.