घरगुती डॉपलर की हालचाल टिपणारा पट्टा?

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणारे डॉपलर घ्यावे, की बाळाची हालचाल टिपून ती कंपनाच्या रूपाने जोडीदाराच्या मनगटावर पोहोचवणारा पट्टा घ्यावा, असा पेच एका मैत्रिणीने मांडला.

डॉपलर साधारण १२व्या आठवड्यानंतर ठोके पकडू शकते. पट्टा मात्र हालचाल ठळक झाल्यावरच, म्हणजे गर्भारपणाच्या उत्तरार्धात, उपयोगी पडतो. डॉपलर पोटात अल्ट्रासाउंड लहरी सोडते, तर पट्ट्यातील संवेदक केवळ हालचाल नोंदवतात. विश्वासार्हतेत दोन्ही उणीच आहेत. पट्टा आईच्या श्वासाने वा कूस बदलण्याने फसतो. डॉपलरची चूक अधिक गंभीर, कारण आईची नाडी किंवा वारेतील रक्तप्रवाह बाळाचे ठोके (मिनिटाला ११० ते १६०) समजून खोटा दिलासा मिळू शकतो. अल्ट्रासाउंड लहरींच्या अनियंत्रित वापराने बाळाला अपाय होण्याची शक्यता लक्षात घेऊन २०१४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉपलरच्या हौशी वापराविरुद्ध सल्ला दिला. शिवाय जेल लावून योग्य जागा शोधण्याची खटपट वेगळीच.

जोडीदाराला सहभागी व्हायचे असेल, तर पट्टा बरा. ठोकेच ऐकायचे असतील, तर ते तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडे ऐकावेत. हालचाल मंदावल्याची शंका येताच दोन्ही उपकरणे बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.