बाबांचा 'खळीसारखा' चहा आणि ही थिकनर पावडर (4 स्टार)

बाबांचं लंग ट्रान्सप्लांट चेन्नईला झालं, फुप्फुसं एकदम झकास चालली, पण श्वासाची नळी काढल्यावर पाणी पाजलं तर आवाज ओला ओला, गुळण्या करत बोलल्यासारखा. ठसका नाही म्हणून आम्ही खूश. गिळण्याच्या थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या तेच तर वाईट, आणि नाकातून बारीक कॅमेरा घालून दाखवलं, हिरवा रंग घातलेलं पाणी सरळ श्वासनलिकेत उतरतंय आणि बाबा शांत बसलेत!! नव्या फुप्फुसाचे मज्जातंतू जोडलेले नसतात ना, म्हणून खाली काही गेलं तरी खोकल्याची उबळच येत नाही. आणि गिळणं बिघडलं कशाने? ऑपरेशनमध्ये हार्ट बघायला अन्ननलिकेत एकोचा जाडसर प्रोब घातलेला, वर व्हेंटिलेटरची नळी, शिवाय आवाजाची नस छातीतून जाते ती कधीकधी दुखावते. आमच्या केसमध्ये नेमकं कुठलं कारण ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

तर पावडर, म्हणजे पाणी-चहा श्वासनलिकेत उतरू नये म्हणून घट्ट करायची. आधी स्टार्चवाली आणलेली, ती तोंडात लाळ लागली की पातळ व्हायची, काही उपयोग नाही. ही झँथन गमची आहे, तशीच घट्ट राहते आणि चव जवळपास नाहीच. पण डब्यातल्या चमच्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही दट्ट्या काढलेली 10 मिलीची सिरिंज उभी धरतो, घड्याळ समोर हो, खालचं तोंड बोटाने बंद, 10 च्या रेघेपर्यंत भरायची, बोट काढून बरोबर 10 सेकंद, मग परत बंद. 4 ते 8 मिली उरलं तर लेव्हल 2 (घट्टपणाच्या मापातली, थोडं घट्ट), बाबांना तेवढंच सांगितलंय, तुमच्या पेशंटची लेव्हल टेस्ट करूनच ठरवून घ्या. दुधात आणि चहात वेळ लागतो, पातळ वाटतंय म्हणून अजून एक चमचा घातलात की पाच मिनिटांनी चमचा उभा राहतो. बाबा म्हणाले, "अगं, हा चहा आहे की पतंगाची खळ?" तरी पितात बिचारे, बशीत ओतून फुर्रकन मारायची सवय मात्र बंद झाली त्याचं दुःख जास्त आहे.

एक स्टार कापला कारण झाकण नीट लागत नाही, पावसाळ्यात अर्ध्या डब्याचे खडे झाले. महाग तर आहेच. आता परवा परत कॅमेरा टेस्ट आहे, तोवर नवीन डबा मागवायचा की नाही याच्यावर आई आणि बाबांचं भांडण चालू आहे.