नोंदींमधील शोध: डेटाबेसचा अंगभूत की स्वतंत्र सर्च इंजिनाचा?

मजकुराच्या मधोमध असलेला शब्द ‘लाइक’ या एसक्यूएलमधील शोध-शब्दाने शोधू गेल्यास डेटाबेसचा नेहमीचा बी-ट्री इंडेक्स (मूल्ये क्रमाने लावलेली सूची) उपयोगी पडत नाही आणि प्रत्येक नोंद वाचावी लागते, म्हणून शब्दावरून नोंदींकडे नेणारा उलटा इंडेक्स हवा. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ही सोय 2008 च्या 8.3 आवृत्तीपासून अंगभूत आहे, तर ल्युसीन या शोध-लायब्ररीवर उभ्या असलेल्या इलास्टिकसर्च या स्वतंत्र सर्च इंजिनाचा तो पायाच आहे.

खरा फरक ताजेपणाचा आहे. डेटाबेसमधील इंडेक्स नोंदीबरोबर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही, अशा व्यवहारात) बदलतो. इलास्टिकसर्चमध्ये मात्र नोंदींची दुसरी प्रत सांभाळावी लागते, नवी नोंद शोधात दिसण्यास मूळ सेटिंगमध्ये सुमारे 1 सेकंद लागतो, आणि दोन्हींना जोडणारी प्रक्रिया अडखळली तर डेटाबेसमधून पुसलेली नोंदही निकालांत रेंगाळत राहते. (हा जोडकोड लिहिणे सोपे, निस्तरणे नव्हे.)

निकालांच्या क्रमवारीत स्वतंत्र इंजिन निःसंशय सरस आहे: त्याची बीएम25 पद्धत दुर्मिळ शब्दाला अधिक वजन देते, तर पोस्टग्रेएसक्यूएलची अंगभूत क्रमवारी शब्द संपूर्ण संग्रहात किती आढळतो हे पाहतच नाही. चुकीच्या स्पेलिंगपुरती अडचण असेल, तर तेवढ्यासाठी नवे इंजिन आणण्याआधी पोस्टग्रेएसक्यूएलचे ट्रायग्रॅम एक्स्टेन्शन (तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवून मिळतेजुळते शब्द शोधणारी जोडसोय) वापरून पाहावे, असे माझे मत आहे.